गिरनार: सहकुटुंब दत्तदर्शनाला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

रोपवे झाल्यापासून गिरनारबद्दल एक गैरसमज घरोघरी पसरला आहे. आजीआजोबांना पाळण्यात बसवायचं, आठ मिनिटांत वर पोहोचायचं, दत्तपादुकांचं दर्शन घ्यायचं आणि दुपारच्या जेवणाला खाली, असा बेत करून लोक येतात. प्रत्यक्षात रोपवे अंबाजीच्या देवळाजवळ सोडतो, आणि दत्तशिखर तिथून पुढे आणखी एक डोंगर ओलांडून आहे. पायऱ्यांचा मोठा भाग तेव्हा कुठे सुरू होतो. ज्यांना हे वर गेल्यावर कळतं, त्यांच्या घरातली निम्मी माणसं अंबाजीहून परततात आणि उरलेली संध्याकाळपर्यंत फरफटत येतात. बेत घरी बसून नीट केला तर आठ वर्षांच्या नातवापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची वारी सुखरूप होऊ शकते. मात्र सगळ्यांनी एकाच पद्धतीने आणि एकाच ठिकाणापर्यंत जायचं, हा हट्ट सोडावा लागतो.

डोंगराची बांधणी आधी समजून घ्या

गिरनार हा एक डोंगर नाही, एका ओळीत उभी असलेली शिखरं आहेत. जुनागढ शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर भवनाथ तलेटी, म्हणजे डोंगराचा पायथा, आहे, तिथे पहिली पायरी. तिथून सलग चढण. वाटेत माळी परब, भर्तृहरीची गुंफा, मग नेमिनाथांची देरासरं (जैन मंदिरं), गोमुखी गंगा आणि सुमारे पाच हजार पायऱ्यांवर अंबाजी. इथवर फक्त वर जायचं असतं. दमवणारं असलं तरी सरळ काम आहे.

अंबाजीच्या पुढे वाटेची तऱ्हा बदलते. थोडं उतरून पुन्हा चढलं की गोरखनाथांचं शिखर लागतं. हे १,११७ मीटरवर असून गुजरातमधली सर्वांत उंच जागा आहे. गोरखनाथांचं दर्शन झालं की समोर, खोल खिंडीपलीकडे, सुळक्यासारखं दत्तशिखर, म्हणजेच गुरुशिखर, दिसतं. तिथे जायला आधी हजाराहून जास्त पायऱ्या उतरून खिंडीत जावं लागतं. खिंडीत वाट फुटते. एका कमानीतून खाली कमंडलू कुंडाकडे, दुसरीतून वर गुरुशिखराकडे. गुरुशिखराची शेवटची हजारेक पायऱ्यांची चढण संपूर्ण वाटेवरची सर्वांत उभी आणि सर्वांत अरुंद.

आता परतीचा विचार करा. दर्शन झालं म्हणजे उतरायचंच राहिलं, असं इथे होत नाही. दत्तशिखर उतरून खिंडीत आलात की गोरखनाथांचा डोंगर पुन्हा चढावा लागतो, तोही थकलेल्या पायांनी आणि बहुधा दुपारच्या उन्हात. गिरनारवर माणसं खचतात ती इथे. पहिल्यांदा जाणाऱ्याने लक्षात ठेवायची एकच गोष्ट सांगायची तर हीच: गोरखनाथांपाशी उभं राहून खिंडीत उतरायचं ठरवण्यापूर्वी स्वतःला विचारा, एवढं सगळं मला परत चढता येईल का?

पायऱ्यांचे आकडे जो तो वेगळे सांगतो. एका बाजूच्या दहा हजार, हा सर्वांच्या तोंडी असलेला आकडा. म्हणजे पायथ्यापासून पायी जाऊन येणाऱ्याने वीस हजार धरायच्या आणि रोपवेने दोन्ही वेळा जाणाऱ्याने दहा हजार. थोड्या कमी भरल्या तर कोणाची तक्रार नसते.

कधी जावं, कधी टाळावं

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा कुटुंबासाठी योग्य काळ. मार्चपासून दगड तापू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर चढणं मुलांना आणि वृद्धांना घातक ठरू शकतं. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणा असतो, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ढगात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि वाऱ्यामुळे रोपवे वारंवार बंद राहतो. तरण्या मंडळींनी जावं, घरच्या सगळ्यांना घेऊन नको.

हिवाळ्यातही काही दिवस गाळावे लागतात. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या काळात गिरनारची लीली परिक्रमा असते. डोंगराभोवतीची सुमारे ३६ किलोमीटरची ही वाट चालायला लाखो माणसं येतात. महाशिवरात्रीला भवनाथची जत्रा असते. दत्तजयंतीला आणि दर पौर्णिमेला महाराष्ट्रातून वारकरी मोठ्या संख्येने येतात. पौर्णिमेची वारी करणारे नेहमीचे लोक त्या गर्दीला सरावलेले असतात. ज्यांच्याबरोबर लहान मूल किंवा काठी टेकणारं माणूस आहे त्यांनी अमावस्येच्या आसपासचा मंगळवार ते गुरुवार निवडावा. सोमवारी कमंडलू कुंडावरच्या धुनीसाठी गर्दी होते. धुनीचं दर्शन हवंच असेल तर सोमवार घ्या, पण मग रांगेची तयारी ठेवा.

तीन दिवसांचा बेत

एका दिवसात उरकायचं म्हणून पहाटे गाडीतून उतरून थेट पायऱ्यांना लागू नका. रात्रभराच्या प्रवासात पाणी कमी प्यायलेलं असतं, झोप अर्धवट असते, आणि तशा शरीराने दोन हजार पायऱ्या झाल्या की गरगरायला लागतं. पहिला दिवस पोहोचण्याचा, दुसरा डोंगराचा, तिसरा विश्रांतीचा आणि परतीचा. चढाईच्या दिवशीच संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं आरक्षण हे घाईचं मूळ आहे. ती गाडी गाठायची म्हणून माणसं पायऱ्या धावत उतरतात आणि गुडघे दुखावून घेतात.

मुंबईहून वेरावळकडे जाणारी गाडी जुनागढला थांबते. पुण्याहून वेरावळची साप्ताहिक गाडी आहे. आरक्षण मिळालं नाही तर राजकोटपर्यंत यावं. तिथून जुनागढ शंभर किलोमीटर, एसटी आणि खासगी गाड्या भरपूर. जुनागढ स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला फक्त ‘तलेटी’ म्हटलं तरी तो भवनाथला आणून सोडतो. उतरायचं ठिकाण शहरात न घेता भवनाथमध्येच घ्या, म्हणजे पहाटे वाहन शोधावं लागत नाही. धर्मशाळा, आश्रम आणि साधी हॉटेलं पुष्कळ आहेत. खोली घेताना दोन गोष्टी विचारा: तळमजल्यावरची आहे का, आणि पहाटे तीनला गरम पाणी मिळेल का. तळमजल्याचं महत्त्व दुसऱ्या दिवशी रात्री आपोआप पटतं.

पहिल्या दिवशी दुपारी झोप, संध्याकाळी भवनाथ महादेवाचं आणि मृगी कुंडाचं दर्शन. वेळ असेल तर रिक्षाने दामोदर कुंड. रात्री साडेसातला खिचडी-कढी किंवा साधा भात. फाफडा-गाठिया, तळलेलं, तिखट काही नको. त्याने रात्रभर तहान लागते आणि सकाळी पोट बिघडतं. वर स्वच्छतागृहांची वानवा असल्यामुळे पोट बिघडणं ही इथे साधी गोष्ट राहत नाही.

सरावाशिवाय नको

पायऱ्या चढण्याचा दम आणि सपाटीवर चालण्याचा दम वेगळा. रोज पाच किलोमीटर फिरणारे काका निर्धास्त येतात आणि दोन हजाराव्या पायरीवर बसतात. निघण्याच्या आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून चार दिवस इमारतीचा जिना चढा-उतरा. एका मजल्याला साधारण अठरा ते वीस पायऱ्या असतात. पहिल्या आठवड्यात दहा मजले, मग दर आठवड्याला चार-पाच वाढवत नेऊन शेवटी थांबत थांबत का होईना, चाळीस मजले चढता आणि उतरता आले पाहिजेत.

लिफ्टने खाली येऊ नका. चढताना फुप्फुसांची परीक्षा होते, उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंची. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. त्याची सवय नसेल तर हजार-दीड हजार पायऱ्यांनंतर पाय थरथरू लागतात आणि पुढचं पाऊल कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. गिरनारवर बरीचशी माणसं पडतात ती उतरताना. सराव सुटला असेल तर निदान शेवटच्या दोन आठवड्यांत उतरण्यावर भर द्या, आणि निघण्यापूर्वी तीन दिवस पूर्ण विश्रांती.

हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, न आवरणारा रक्तदाब, गुडघ्याचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना ‘दहा हजार पायऱ्या’ असंच सांगून विचारा. ‘देवदर्शनाला जातोय’ एवढंच सांगितलं तर ते जा म्हणतील. उंचीमुळे हवा विरळ होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. अकराशे मीटरवर तो प्रश्न नसतो. कापराची पुरचुंडी हुंगत चढायची काही गरज नाही. धाप लागते ती वेगामुळे.

रोपवे, डोली की पायी

रोपवे २०२० च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर, एका पाळण्यात आठ जण. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा आणि सकाळची अगदी पहिली वेळ घ्या. दहा वाजताच्या पाळण्याने वर गेलेलं कुटुंब दत्तशिखर करून शेवटच्या पाळण्यापर्यंत परत येईलच, असं सांगता येत नाही. शेवटचा पाळणा किती वाजता, हे चढण्यापूर्वी खिडकीवर विचारून घ्या, आणि परतीसाठी तिकिटाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

रोपवे वाऱ्यावर अवलंबून आहे. सकाळी सुरळीत असलेली सेवा दुपारी वारा वाढला की थांबते, कधी तासभर, कधी दिवसभर. तेव्हा अंबाजीहून पाच हजार पायऱ्या उतरून येण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून रोपवेने जाणाऱ्यांनीही बॅटरी, काठी आणि जास्तीचं पाणी घ्यायचं. ज्यांना पाच हजार पायऱ्या उतरणं अजिबात शक्य नाही, त्यांच्यासाठी वरून डोली करावी लागेल इतके पैसे रोख जवळ ठेवायचे. वर नेटवर्क असेलच असं नाही, त्यामुळे मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

डोली हे गिरनारचं फार जुनं आणि कष्टाचं वाहन. बांबूला दोरांनी टांगलेली चौकोनी बैठक, आणि तो बांबू खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारी माणसं. पायथ्याशी डोलीची व्यवस्था आहे. तिथे बसणाऱ्याचं वजन काट्यावर करतात आणि त्यानुसार दर ठरतो. आदल्या संध्याकाळीच हे उरकून घ्या. ठरवताना प्रत्येक गोष्ट बोलून घ्यायची: डोली अंबाजीपर्यंत, गोरखनाथांपर्यंत की दत्तशिखरापर्यंत, कमंडलू कुंड धरून की सोडून, परत आणणार की नाही, वर किती वेळ थांबणार. भांडणं होतात ती या चारपैकी एखादी गोष्ट मोघम राहिल्यामुळे. शिखरापर्यंत म्हणजे अगदी कुठे उतरवणार, हेही विचारा, कारण शेवटच्या काही पायऱ्या बहुतेकदा स्वतः चढाव्या लागतात. दर ठरला की घासाघीस पुरे. ते काम करून पाहावं असं कोणालाही वाटणार नाही इतकं ते कठीण आहे. चहापाण्याला वेगळं द्या.

डोलीत बसणाऱ्याला थंडी वाजते. चालणाऱ्याचं अंग गरम असतं, बसलेल्याचं नाही, आणि अंबाजीनंतर कड्यावरचा वारा बोचरा असतो. आजीला डोलीत बसवताना शाल, कानटोपी आणि मोजे तिच्या अंगावर हवेत, सुनेच्या पिशवीत नव्हे. तिच्या गोळ्या आणि पाणीही तिच्याच जवळ. डोलीवाले आपल्या लयीत चालतात आणि आपल्या ठरलेल्या जागीच थांबतात. घरातल्या एका तरी माणसाने त्यांच्यासोबत राहायचं.

पायथ्यापासून पायी जायचं तर पहाटे तीनच्या सुमारास सुरुवात करा. गिरनारच्या जंगलात सिंह आणि बिबटे आहेत, हे अभयारण्य आहे. अंधारात एकट्या-दुकट्याने पुढे जाऊ नका, पायऱ्या सोडून आडबाजूला शिरू नका, आणि त्या वेळी वनखात्याची काही सूचना असेल तर ती निमूट पाळा. मुलांना मध्ये ठेवा.

सगळ्यात पटणारी व्यवस्था अशी: तरुण मंडळी पहाटे पायी निघतात, ज्येष्ठ आणि मुलं एका जाणत्या माणसाबरोबर सकाळच्या पहिल्या पाळण्याने येतात, अंबाजीच्या देवळाशी सगळे भेटतात. तिथून पुढे कोणी जायचं ते तेव्हाची प्रकृती पाहून ठरतं. उतरताना शक्यतो सगळ्यांनीच रोपवे घ्यावा. पायी चढण्याचा संकल्प पुरा झालेला असतो आणि गुडघे वाचतात.

पिशवीत काय

दोन खांद्यांवर अडकवायची एकच लहान पिशवी, चार किलोच्या आत. हात मोकळे हवेत. डोंगरावर प्लास्टिकबंदी आहे, पायथ्याशी पिशव्या तपासतात. म्हणून पाणी स्टीलच्या बाटलीत आणि खाऊ कापडी पिशव्यांत किंवा डब्यात. माणशी एक लिटरची बाटली. ती अंबाजीला पुन्हा काठोकाठ भरायची, कारण पुढे दुकानं तुरळक होत जातात. मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या घरटी चार-पाच. एक पुडी एका लिटरला, आणि ती घोट घोट. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली की पाणी खारट होतं, मुलं पीत नाहीत आणि मळमळतं. खायला खजूर, चिक्की, राजगिऱ्याची वडी, भाजलेले शेंगदाणे. केळी घ्या, पण झाकून. माकडं हातातून ओढून नेतात. प्रसादाची पिशवी उघडी लटकवू नका, आणि माकडाने धरलीच तर सोडून द्या, ओढाताण करू नका.

अंगात सुती कपडे आणि वरून वारा अडवणारं एक जाकीट. चढताना घाम येतो, खिंडीत वारा लागतो, आणि ओल्या कपड्यांनी मुलं कुडकुडतात. एक कोरडा बनियन प्रत्येकाचा जास्तीचा. बॅटरी प्रत्येक दोन माणसांत एक. मोबाइलचा उजेड चालतो, पण त्याने फोन संपतो. अंगावर दागिने नकोत. बूट वापरलेले, तळ खडबडीत असलेले. नवीन बुटांनी हजार पायऱ्यांत टाच सोलते. अनवाणी जाण्याचा नवस असेल तर पायात नाही तरी पिशवीत चपला असू द्या. पायऱ्यांचे दगड काही ठिकाणी फुटलेले आहेत आणि दुपारी तापतात.

पायथ्याशी काठी मिळते. ती घ्याच. कमरेच्या वर, हात कोपरात काटकोनात राहील इतकी उंच, आणि टोकाला झिजलेली नसलेली निवडा.

प्रत्यक्ष चढताना

पहिल्या पाचशे पायऱ्या फसव्या असतात. मुलं धावतात, मोठे त्यांच्यामागे. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेवा. वाक्य तोडावं लागलं की वेग जास्त झाला. पन्नास पायऱ्या, मग उभ्यानेच अर्धा मिनिट. दर पाचशे पायऱ्यांनी पाच मिनिटं बसा, त्याहून जास्त नको, स्नायू थंड पडले की उठणं जड जातं. जागोजाग पायऱ्यांचे आकडे रंगवलेले आहेत. ते मुलांना वाचायला द्या, त्यांचं मन रमतं. समोरून उतरणारा प्रत्येक जण ‘जय गिरनारी’ म्हणतो. त्याला उत्तर देता येईल इतका श्वास शिल्लक असला म्हणजे ठीक चाललं आहे.

डोली येताना दिसली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीही नाही. डोलीवाले थांबू शकत नाहीत, त्यांनी घेतलेली लय मोडली की त्यांना पुन्हा उचलणं फार अवघड जातं.

कुटुंबाची रांग अशी: सर्वांत हळू चालणारा पुढे, सर्वांत दमदार शेवटी. उलट केलं की पुढचे लांब जातात, मागचे ओढ धरून दमतात. तरीही ताटातूट होते, म्हणून भेटण्याच्या जागा घरूनच ठरवा: अंबाजीचं देऊळ, गोरखनाथांचं ठाणं, आणि खिंडीतल्या कमानी. पुढे पोहोचलेल्याने तिथून हलायचं नाही. मुलांच्या खिशात पालकांच्या नंबराची चिठ्ठी ठेवा.

वेळेचा अंदाज असा. पायथ्यापासून अंबाजी सराव असलेल्याला तीन ते चार तास, कुटुंबाला पाच. अंबाजी ते दत्तशिखर दीड ते अडीच तास. कमंडलू कुंड धरून अंबाजीला परतायला आणखी तीन ते चार. म्हणजे रोपवेने गेलात तरी वर सहा तास मोकळे हवेत. यावरून परत फिरण्याची वेळ ठरवा. दुपारी बारापर्यंत गोरखनाथ गाठले नाहीत तर तिथूनच दत्तशिखराला हात जोडायचे आणि मागे वळायचं. गोरखनाथांवरून गुरुशिखर समोर स्वच्छ दिसतं. तिथून घेतलेलं दर्शन कमी नाही, आणि घरातल्या एका थकलेल्या माणसाला पुढे ओढण्यात कसली भक्ती?

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं की चालणं तिथेच थांबवायचं. ‘थोडंच राहिलं’ म्हणून पुढे जायचं नाही. त्या माणसाला बसवा, कपडे सैल करा, जवळच्या दुकानदाराला सांगा. डोली, पोलीस, रोपवेची माणसं यांच्यापर्यंत निरोप पोहोचवायचा जलद मार्ग तोच. मधुमेह असलेल्यांनी रिकाम्या पोटी चढू नये. हातपाय कापू लागले, घाम सुटला की आधी साखर खायची, विचार नंतर.

लघवी-शौचाची सोय देरासरांच्या आणि अंबाजीच्या परिसरात पाहून घ्या. पुढे तिच्यावर भरवसा ठेवू नका. बायका याच धास्तीने पाणी पीत नाहीत आणि मग दुपारी चक्कर येते. त्यापेक्षा अंबाजीला सगळ्यांनी आवरून मगच पुढे निघावं.

पादुकांपाशी आणि कमंडलू कुंडावर

गुरुशिखरावरची जागा अगदी लहान. एका वेळी मोजकी माणसं आत जातात, पादुकांचं दर्शन घेतात आणि बाहेर पडतात. आत रेंगाळता येत नाही आणि फोटो काढू देत नाहीत. नारळ, हार यांचं ओझं वर नेऊ नका. जे अर्पण करायचं ते हातात तयार ठेवा. अभिषेक, पोथी, मोठं पारायण पायथ्याच्या मुक्कामी करावं. जैन भाविकांसाठी हीच टेकडी नेमिनाथ भगवानांची निर्वाणभूमी आहे, तेही श्रद्धेने येतात. रांगेत जागेवरून किंवा घोषणांवरून कोणाशी वाद घालू नका, कोणी घालू लागलं तर पुढे चला.

उतरताना शेवटच्या उभ्या टप्प्यावर गर्दी समोरासमोर येते. इथे काठी आधी खालच्या पायरीवर टेकायची, मग पाऊल, गुडघा किंचित वाकलेला. गुडघा ताठ ठेवून टाच आपटत उतरलं की प्रत्येक पायरीचा धक्का सांध्यात बसतो. फार उंच पायरी असेल तर तिरकं उभं राहून, एका बाजूने उतरा. लहान मुलाचा हात मनगटाशी धरा, बोटं निसटतात.

कमंडलू कुंडाला जायचं ते दर्शन झाल्यावर, परतताना. दत्तात्रेयांनी दुष्काळात कमंडलू फेकला, तो दुभंगून एकीकडे जल आणि एकीकडे अग्नी प्रकटला, अशी या स्थानाची कथा. दर सोमवारी इथली धुनी पेटते, पिंपळाची लाकडं वापरतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाला प्रसादाचं जेवण मिळतं. या जागी पाण्याखेरीज सगळा शिधा माणसांच्या पाठीवरून येतो, हे लक्षात ठेवून ताटात हवं तेवढंच घ्या आणि जमेल तशी देणगी ठेवा. पोट तुडुंब भरू नका, समोर गोरखनाथांची चढण उभी आहे. जेवून अर्धा तास बसा, बाटल्या भरा, मग निघा.

ती चढण मन खचवणारी असते. इथे वेग अर्धा करायचा: वीस पायऱ्या, दहा श्वास, पुन्हा वीस. आजोबांना मागून ढकलू नका, पुढून हात धरून ओढूही नका. दोन्हींमुळे तोल जातो. त्यांच्या दोन पायऱ्या मागे राहून चला.

खाली आल्यावर

त्या संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, मांड्या आणि पोटऱ्या हलक्या हाताने चोळा, भरपूर पाणी प्या, लवकर झोपा. सुजलेल्या गुडघ्याला शेक नको, बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी जुनागढमध्येच राहणाऱ्यांनी तलेटीच्या रस्त्यावरचा सम्राट अशोकाचा शिलालेख चुकवू नये. एकाच खडकावर अशोकाचे चौदा लेख, इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा लेख आणि पुढे स्कंदगुप्ताचाही. रस्त्याला लागूनच आहे, फारसं चालावं लागत नाही. उपरकोट किल्ला त्या दिवशी नको, तिथेही पायऱ्या आहेत.

स्नायूंचं दुखणं त्याच दिवशी जास्त नसतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. त्यामुळे परतीच्या गाडीत ज्येष्ठांनाच नव्हे, डोंगर चढून आलेल्या प्रत्येकाला खालचा बर्थ हवा असतो. आरक्षण करतानाच जमतील तेवढे खालचे मागून घ्या. घरी पोहोचल्यावर दोन दिवस सपाटीवर हळूहळू चाला. पडून राहिलात तर आखडलेले पाय सुटायला आठवडा लागतो.